खांद्यापर्यंत मुंग्या

डोळे मिटा बघू. मिटलेत? बोटांच्या फटीतून बघायचं नाही, मला सगळं दिसतं. तेहतीस वर्षं फळ्याकडे तोंड करून उभं राहिलं की माणसाला पाठीला डोळे फुटतात.

आता कल्पना करा. तुम्ही एका तीन मजली इमारतीच्या गच्चीवर आहात. टळटळीत दुपार. समोर एक म्हातारा उकिडवा बसलाय. हातात पक्कड, खिशात स्क्रू ड्रायव्हर, गळ्यात काळ्या वायरचं वेटोळं. लांबून पाहिलं तर वाटावं, गारुडी आहे आणि साप त्याच्यावर रुसलाय! खाली, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत एक मुलगी उभी आहे. आणि त्या मुलीच्या मागे, पलीकडच्या खोलीत, टीव्हीसमोर खुर्चीत एक आजी बसल्या आहेत. आजी काहीतरी बोलणार, मुलगी ते ओरडून वर सांगणार आणि म्हातारा काहीतरी पिळणार. गच्ची, खिडकी, खुर्ची. आलं लक्षात?

म्हातारा म्हणजे मी.

ह्या गोष्टीत हसण्यासारखं बरंच आहे, खुशाल हसा. फक्त एक करा. हसताना एक डोळा त्या खुर्चीतल्या आजींवर ठेवा. त्यांचं बोलणं त्या दुपारी पणाला लागलेलं आहे, आणि गच्चीवरच्या म्हाताऱ्याला त्याचा पत्ताच नाही.

उघडा डोळे.

खुर्चीतली आजी म्हणजे माझी बायको. ती फार बोलायची असं नाही, नेमकं बोलायची. मी घरभर फिरत "अगं, ते हे कुठे गेलं?" असं विचारलं की ती शांतपणे म्हणायची, "आधी 'ते' शोधू की 'हे'?" वर्तमानपत्रातलं शब्दकोडं ती शाईच्या पेनाने सोडवायची. खोडायची वेळच येत नाही, तर पेन्सिल कशाला? आणि रोज दुपारी चारच्या बातम्या बघायची. जगात काय चाललंय ह्यासाठी नव्हे, तर बातम्या देणाऱ्या बाईच्या चुका काढण्यासाठी! "ऐकलंत? 'चांदण्या'तला च 'चंद्रा'तल्यासारखा काढला हिने!" एकदा ती बाई आठवडाभर सुट्टीवर गेली, तर हिला चैन पडेना. मग आठवडाभर माझ्या चुका काढल्या.

खिडकीतली मुलगी म्हणजे आमची नात. तेव्हा नऊ वर्षांची. तिचे आईवडील कामावर जायचे, त्यामुळे शाळा सुटली की ती आमच्याकडे. घरात तिला सगळे 'शंका' म्हणायचो. "आजोबा, माशाला तहान लागते का?" "आजोबा, जांभई एकाची दुसऱ्याला लागते, मग पहिल्याला कोणाची लागली?" दिवसाला शंभर प्रश्न! माझ्यासारख्या मास्तराला आणखी काय हवं? मी तिच्या प्रश्नांवर इतका खूष असायचो की उत्तर येत नसलं तरी देऊन टाकायचो.

आणि आता मुंग्या.

मुंग्या म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? साखरेचा डबा. बरोबर. पण आपल्या भाषेत मुंग्या आणखीही आहेत. बराच वेळ मांडी घालून बसलं आणि एकदम उठलं, की पायाला काय येतात? मुंग्या! आणि तिसऱ्या मुंग्या टीव्हीतल्या. तुमच्या टीव्हीत त्या आता दिसत नाहीत. पण तेव्हा केबलमधून येणारा सिग्नल दुबळा झाला, की चित्रावर काळेपांढरे ठिपके वळवळायला लागायचे, खर्रर्र असा आवाज यायचा, आणि सगळे म्हणायचे, टीव्हीला मुंग्या आल्या. गर्दीत एखादा हळू बोलला तर त्याचं बोलणं ऐकू येत नाही, नुसता गलका ऐकू येतो ना? तसंच ते. मुंग्या म्हणजे गलका. खरं बोलणं त्याच्या खाली कुठेतरी दबलेलं असतं.

तर आमच्या टीव्हीला त्या आठवड्यात मुंग्या आल्या. मी केबलच्या ऑफिसात फोन केला.

"बाई, मुंग्या फार झाल्यात हो!"

"किती दिवस झाले?" पलीकडून एका मुलीने विचारलं.

"आठवडा. बाईच्या तोंडावर तर नुसता बुजबुजाट!"

"अगं बाई! डॉक्टरांना दाखवलंत का?"

"टीव्हीतल्या बाईच्या! बातम्या देते ती!"

"मग तसं सांगा ना, काका. माणूस पाठवते."

माणूस तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी दुपारी मी कपाटावरची हत्यारांची पेटी काढली आणि जाहीर केलं, "केबलवाला गेला उडत! आयुष्यभर पोरांना वीज, चुंबक आणि तरंग शिकवले मी. अर्ध्या तासाचं काम!"

"अहो," आजी म्हणाली, "शाळेची घंटा दुरुस्त केली होतीत, ती दोन दिवस वाजत होती."

"वाजत होती ना? म्हणजे दुरुस्त झाली होती!"

"मुलं दोन दिवस घरी गेली नाहीत, मास्तर."

मी हे ऐकलंच नाही असं दाखवलं. त्यात मी तेव्हा फार पटाईत होतो.

एक अडचण होती. गच्चीवरून आमची बाहेरची खोली ऐकू येत नाही, ती रस्त्याच्या बाजूला आहे. गच्चीवरून ऐकू येते ती फक्त घरातल्या बोळाची खिडकी. म्हणून मी शंकाला त्या खिडकीत उभं केलं. तिथून तिला टीव्ही दिसत नव्हता, आजीही दिसत नव्हती. आजीचा आवाज तेवढा येत होता.

"हे बघ, तू आता वायर आहेस," मी म्हणालो. "आजी जे म्हणेल ते जसंच्या तसं वर यायला हवं. एक शब्द गाळायचा नाही, एक शब्द घालायचा नाही."

"पण वायरला कळतं का, आपल्यातून काय चाललंय ते?"

"वायरला कळायची गरज नसते. म्हणून तर ती भराभर काम करते. मध्ये एकही प्रश्न विचारायचा नाही."

"एकसुद्धा?"

"एकसुद्धा."

तिने श्वास रोखून धरल्यासारखं तोंड केलं. आजी टीव्हीसमोर बसली होती, ती म्हणाली, "पोरीला प्रश्न विचारू नको म्हणताय? आज तब्येत बरी आहे ना?"

हसलो आम्ही तिघंही. पण मला ते वाक्य अजून टोचतं. तेहतीस वर्षांत एकाही मुलाला मी 'प्रश्न विचारू नको' म्हटलं नव्हतं. एकदाच म्हटलं. नेमकं त्या दिवशी.

गच्चीवर पत्र्याची एक पेटी होती. तिच्यात केबलची मुख्य वायर येते आणि तिथून ती घराघरांत वाटली जाते. वाटणाऱ्या त्या डबीला म्हणतात स्प्लिटर. एक पेला दूध दोघांत वाटलं तर प्रत्येकाला अर्धा पेला, चौघांत वाटलं तर पाव. सिग्नलचंही तसंच असतं. माझा सिद्धान्त तयार होता : आमच्या वाटचं दूध कोणीतरी पीत होतं! कोण? तळमजल्यावरचा शिंपी. त्याने दुकानात नवा टीव्ही घेतला होता. त्यालाही सगळे 'मास्तर' म्हणायचे. मी शिकवणारा मास्तर, तो शिवणारा मास्तर. मधल्या एका 'क'चा काय तो फरक. पण त्या दुपारी मला तो 'क' फार मोठा वाटत होता.

मी पहिली वायर हातात घेतली, जरा पिळली आणि ओरडलो, "आता बघ!"

जरा वेळाने खिडकीतून आवाज आला, "आजोबा, आजी म्हणते, मुंग्या आल्यात!"

"माहीत आहे! म्हणूनच तर वर आलोय!"

मी वायरचं टोक सोललं. मध्ये तांब्याची तार असते, तिच्याभोवती पांढरं प्लॅस्टिक, त्याच्यावर बारीक तारांची जाळी, आणि मग काळं साल. जाळीतला एक केस जरी मधल्या तारेला चिकटला, तरी सिग्नल मेला म्हणून समजा. मी सगळे केस मागे सारले, टोक पुन्हा बसवलं.

"आता?"

"आजी म्हणते, उजव्या बाजूला!"

"फक्त उजव्या?"

"फक्त उजव्या म्हणाली!"

मी आनंदाने मांडीवर थाप मारली. डावी बाजू स्वच्छ झाली! अर्धं काम फत्ते! आता तुम्हाला खरं सांगतो, असं कधी होत नाही. मुंग्या आल्या तर सगळ्या चित्राला येतात. कुठल्याही पोराने पेपरात 'फक्त उजव्या बाजूला' असं लिहिलं असतं तर मी त्याला भोपळा दिला असता. पण स्वतःचा पेपर तपासताना मास्तर फार उदार असतात.

मी आणखी थोडं पिळलं.

"आजोबा! आजी म्हणते, कोपरापर्यंत आल्यात!"

कोपरापर्यंत! बातम्या देणारी बाई मेजावर कोपरं टेकून बसते ना! म्हणजे मुंग्या तळाशी साचल्या होत्या. मी दुसऱ्या बाजूने पिळलं.

"आता?"

"आता खांद्यापर्यंत म्हणते!"

"शाब्बास!" मी गच्चीवर एकटाच ओरडलो. "म्हणजे चेहरा मोकळा आहे! चेहरा दिसतोय ना? मग जिंकलो!"

तुमच्यापैकी कोणीतरी आता हात वर केलाय. खाली घे, बाळा. तुला कळलंय. मला नव्हतं कळलं.

इतकं नेमकं बोलणारी बाई ती. तिने 'हाताला' एवढा एक शब्द म्हटला असता, तर मी चार-चार पायऱ्या गाळत खाली आलो असतो. तो शब्द का राहिला? की तिला तो म्हणायचा होता आणि तोवर तो तिच्या तोंडापर्यंत पोचायचाच बंद झाला होता? ह्याचं उत्तर मला आजही येत नाही, आणि येत नसताना ते द्यायची माझी सवय आता सुटली आहे.

विजय दिसू लागला की माणूस घाई करतो. मी ठरवलं, शिंप्याचीच वायर काढावी. दूध पिणाराच नाही, तर पेला भरलेला! काढली. त्याच क्षणी खालून, दुकानातून, 'हो ऽऽ' असा पन्नास गळ्यांचा आवाज येत होता तो 'हो'वरच तुटला. मग जिन्यात पावलं.

शिवणारे मास्तर गच्चीत आले ते गळ्यात टेप, कॉलरला सुया आणि डोळ्यांत आग घेऊन. मागून एक गिऱ्हाईक आलं, मापाचा सदरा अंगात घालून. सदऱ्याला एकच बाही होती.

"मास्तर! मुंग्यांतून का होईना, सामना दिसत होता! शेवटची पाच मिनिटं! आत्ताच वायर उपटायची होती?"

"तुम्ही माझं दूध पिताय, मास्तर!"

"दूध?" शिंपी गिऱ्हाइकाकडे बघून म्हणाला. "तुम्ही साक्षीदार आहात. ह्यांच्या घरी मी आजपर्यंत चहासुद्धा घेतलेला नाही!"

"सिग्नलचं दूध हो! उदाहरण आहे ते!"

"उदाहरणासाठी माझं दुकान बंद पाडलंत? अहो, लोक टाचण्या फेकतायत तिथे!"

"माझी दुसरी बाही कधी होणार?" एकबाह्या म्हणाला.

"आजोबा!" खिडकीतून आवाज आला. "आजी म्हणते..."

"थांब गं जरा!"

"वायर जोडा आधी," शिंपी म्हणाला.

"आधी तुमचा जोड वेगळा घ्या!"

"आजोबा!"

"थांब म्हटलं ना!"

"आजोबा, आजी काहीतरी म्हणते, पण तो शब्दच नाहीये!"

"असेल तो जसाच्या तसा सांग!" मी मागे न बघता ओरडलो.

ती शहाणी पोर. तिने जसाच्या तसा सांगितला. "ती म्हणते, पंखा सांडला!"

एकबाह्या फसकन हसला. शिंप्यालाही हसू आवरेना. आणि मुलांनो, मीसुद्धा हसलो. पोट धरून हसलो. माझ्या आयुष्यात मला परत घ्यावंसं वाटणारं पुष्कळ आहे, रागाने बोललेलं, मुलांना मारलेलं. पण एकच गोष्ट परत मिळणार असेल तर मी ते हसू मागून घेईन.

भांडण पुन्हा सुरू झालं. जरा वेळाने मी सवयीने ओरडलो, "आता बघ! आलं का?"

मी कठड्यावरून खाली वाकलो.

"अगं, आलं का?"

खिडकीत कोणी नव्हतं.

गच्चीच्या दारात शंका उभी होती. दोन मजले धावत चढून आली होती, पायात काही नव्हतं. तिने मला 'आजोबा' अशी हाकसुद्धा मारली नाही.

"मी नाही वायर होणार," ती म्हणाली. "मी आत जाऊन बघितलं. आजीचं तोंड एका बाजूला गेलंय."

मी कसा उतरलो ते मला आठवत नाही. आठवतो तो टीव्ही. चित्र इतकं स्वच्छ होतं की बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातला खडासुद्धा चमकत होता. एकही मुंगी नाही. आणि समोर खुर्चीत ती. उजवा हात मांडीवर पडला होता, कोणी दुसऱ्याचा ठेवून गेल्यासारखा. तिने माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळत होतं, मला शपथेवर सांगता येईल. ती म्हणाली, "अहो," आणि थांबली. आणि मग, फार प्रयत्न करून, "पंखा."

"उचला," मागून आवाज आला. शिवणारे मास्तर. त्यांनी मला बाजूला सारलं, तिला लहान मुलासारखं उचललं आणि जिना उतरायला लागले. मी पुढे, शंका मागे, तिच्या मागे एकबाह्या आजीच्या चपला घेऊन. इमारतीच्या दारात एक गाडी येऊन उभी राहत होती. वर शिडी बांधलेली. केबलवाला!

"मास्तर!" तो खिडकीतून ओरडला, आणि आम्ही दोघांनीही मान वर केली. "नाक्यावर लाइन अर्धी तुटली होती, आत्ता जोडून आलो! आता चित्र बघा कसं..."

मग त्याला आम्ही दिसलो. त्याने पुढचं वाक्य गिळलं आणि गाडीचं मागचं दार उघडलं.

वायरींच्या वेटोळ्यांवर बसून आम्ही दवाखान्यात गेलो. मला तिचा उजवा हात धरायचा होता. शंका म्हणाली, "डावा धरा, आजोबा. तो तिला कळतोय."

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न मला विचारला, "हे कधी सुरू झालं? नक्की किती वाजता?"

काय सांगणार? मी गच्चीवर जिंकत होतो.

"चार वाजून पाच मिनिटांनी मुंग्या," माझ्या कोपराजवळून आवाज आला. "चार दहाला उजव्या बाजूला. सव्वाचारला कोपरापर्यंत. चार वीसला खांद्यापर्यंत. साडेचारला शब्द बिघडला."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. "तुला कसं गं माहीत?"

"मला प्रश्न विचारायचे नव्हते," शंका म्हणाली. "मग मी काय करणार? बोळातलं घड्याळ बघत होते."

डॉक्टर म्हणाले, वेळ नेमकी कळली म्हणून काय द्यायचं ते ठरवता आलं. आणखी उशीर झाला असता तर हातच राहिला नसता, कदाचित आजीही. आधी आणलं असतं तर काय वाचलं असतं, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पण तुम्ही लिहून ठेवा. एका बाजूच्या हाताला अचानक मुंग्या आल्या, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर घड्याळ बघायचं आणि मोठ्या माणसाला ओढत आणायचं. तो 'थांब' म्हणाला तरी थांबायचं नाही. विशेषतः तो मास्तर असेल तर.

बाहेर बाकावर केबलवाला बसला होता, गेला नव्हता. शेजारी शिवणारे मास्तर, गळ्यात अजून टेप. केबलवाला हळूच म्हणाला, "काका, वाईट वाटून घेऊ नका. पण गच्चीवरच्या पेटीत काही बिघाड नव्हता. आणि तुम्ही सोललीत म्हणता ती पेटीतली पहिली वायर... ती तुमची नव्हे. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद घराची."

म्हणजे पंचवीस मिनिटं मी अशा घराचा सिग्नल सुधारत होतो, ज्या घरात तीन वर्षं कोणी राहतच नव्हतं!

शिंप्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. कॉलरची एक सुई टोचली मला, पण मी तसाच त्याला टेकून बसलो.

तीन आठवड्यांनी आजी घरी आली. हात बराचसा परत आला होता, काठी घेऊन चालता येत होतं. शब्द मात्र तसे आले नाहीत. म्हणजे सगळे होते, एकही हरवला नव्हता. पण कोणीतरी त्यांच्या पाट्या रात्रीत बदलून टाकाव्यात तसं झालं होतं. चमच्याला ती 'खिडकी' म्हणायची. उशीला 'मंगळवार'. आणि चुकीचा शब्द बाहेर पडला की तो चुकलाय हे तिला ऐकू यायचं. त्याचं दुःख तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. मग ती तोंड मिटून घ्यायची.

भेटायला येणारे लोक मोठमोठ्याने बोलायचे, जणू तिला ऐकूच येत नव्हतं. ती काही म्हणाली की मान डोलवायचे, "हो, हो, बरोबर!" माझा मुलगा तसंच करायचा, सून तसंच करायची. आणि मी सगळ्यांत जास्त. मला वाटायचं, 'हो' म्हणण्यात माया आहे.

शंकाने मात्र एक वही केली. तिचा नियम कडक होता : एकाच वस्तूला आजी तीन वेगळ्या दिवशी एकच शब्द म्हणाली, तरच तो वहीत. 'खिडकी – चमचा.' 'मंगळवार – उशी.' 'सावत्र – चष्मा.' एके दिवशी तिने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "आजी, हे कोण?"

आजीने मला नीट निरखलं. चव्वेचाळीस वर्षांचा संसार होता. मी जरा ताठ बसलो.

"बादली," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, बादली. तिसऱ्या दिवशी, बादली. मी चौथी संधी मागितली. शंका म्हणाली, नियमात बसत नाही. चौथ्या दिवशी मी स्वतःच गुपचूप विचारून बघितलं. बादली!

गंमत म्हणजे शिंपी भेटायला आला, तेव्हा ती स्वच्छ म्हणाली, "मास्तर!" क्षणभर माझा जीव भांड्यात पडला. मग लक्षात आलं, ती त्याच्याकडे बघत होती. तो बिचारा इतका ओशाळला की माझ्यासाठी फुकट सदरा शिवतो म्हणाला. दोन्ही बाह्यांचा.

मग एका संध्याकाळी आम्ही तिघंच घरात होतो. शंका जमिनीवर पालथी पडून वहीत काहीतरी लिहीत होती. आजी बराच वेळ दाराकडे बघत होती. एकदम माझ्याकडे वळून ती म्हणाली, "बादली, पाऊस तिथे ठेवू नका ना. मला मोजायचाय."

"हो, हो," मी म्हणालो. "नाही ठेवत."

तिने मान खाली घातली.

शंकाने डोकं वर केलं. "आजोबा, काय म्हणाली आजी?"

"म्हणाली... ठेवू नका."

"काय ठेवू नका?"

"पाऊस."

"म्हणजे काय?"

गृहपाठ न करता फळ्यासमोर उभा राहिलेला पोरगा पाहिलाय तुम्ही? मी हजारो पाहिलेत. आत काय होतं ते मला पहिल्यांदा कळलं.

"तुम्हाला कळलं नाही," शंका म्हणाली. "मग हो का म्हणालात?"

आजीने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला कळलं की तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझं प्रत्येक 'हो, हो' खोटं आहे, हे तिला माहीत होतं. माझं मन मोडू नये म्हणून तीही ते चालवून घेत होती.

शंका उठली. तिने वही बगलेत मारली, आजीच्या खुर्चीपुढे गुडघे टेकून बसली आणि तिचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला.

"आजी, आम्हाला कळलं नाही. पाऊस म्हणजे काय, ते दाखव. चल, आपण शोधू."

आजी तिच्याकडे बघत राहिली. मग काठीवर भार देऊन उठली. दोघी हळूहळू स्वयंपाकघराकडे निघाल्या. शंका वाटेतल्या प्रत्येक वस्तूवर बोट ठेवून विचारत होती, "हा पाऊस? हा? बरं, मग हा?" आजी प्रत्येक वेळी मान हलवत होती, नाही, नाही, पण इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच ती तोंड मिटून घेत नव्हती.

दारात पोचल्यावर शंका थांबली आणि मागे वळून माझ्यावर खेकसली,

"बसून काय राहिलात? चला ना, बादली!"